उंबरठ्यावरील रखवालदार

उन्हाळ्याच्या दिवसांत मांसाचा किंवा मासळीचा तुकडा उघड्यावर ठेवला, तर संध्याकाळपर्यंत त्यास दुर्गंधि येऊं लागते आणि दुसऱ्या दिवशीं तो टाकून द्यावा लागतो. हवेंत, पाण्यांत, मातींत व आपल्या हातांवरही असणारे सूक्ष्म जंतु त्यावर बसतात, त्यावर पोसतात आणि वाढतात. आतां असें पाहा कीं, आपलें शरीर हेंही मांसाचेंच आहे, व त्याची ऊब जंतूंच्या वाढीस चांगलीच मानवणारी आहे. डोळा उघडा, ओला व उबदार आहे. तोंडांत दिवसांतून अनेक वेळां अन्नाचे कण अडकून राहतात. आंतड्यांत तर जंतूंची वस्तीच आहे. तरीही हें शरीर सत्तर-ऐंशी वर्षें नासत नाहीं, आणि प्राण गेल्यावर मात्र एक-दोन दिवसांतच नासूं लागतें. जिवंत देहांत असें काय आहे, कीं जें मृत देहांत राहत नाहीं?

या प्रश्नाचें उत्तर शाळेच्या पुस्तकांत सामान्यतः असें दिलेलें असतें: त्वचा ही शरीराची तटबंदी होय, ती फुटली कीं रक्तांतील पांढऱ्या पेशी धांवून येतात व जंतूंना गिळतात, पुढें शरीर त्या त्या जंतूविरुद्ध खास प्रतिद्रव्यें तयार करतें. हें उत्तर खरें आहे, पण पुरें नाहीं. जंतु जर शरीरास नवखा असेल, तर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार होण्यास आठवडा किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. जंतु तितका काळ वाट पाहत बसत नाहीं. अनुकूल स्थितींत कांहीं जंतु दर वीस मिनिटांस दुप्पट होतात. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें. सकाळीं आठ वाजतां खेळतांना एखाद्या मुलाचा गुडघा खरचटला व त्यांत एकच जंतु शिरला, तर नऊ वाजतां त्याचे आठ होतील, दहा वाजतां चौसष्ट होतील, आणि दुपारीं चार वाजतां, म्हणजे चोवीस वेळां दुप्पट झाल्यावर, त्यांची संख्या १,६७,७७,२१६ होईल. प्रत्यक्षांत गुडघा खरचटलेलीं बहुतेक मुलें जखम धुऊन पुन्हां खेळावयास जातात, आणि चार दिवसांत खपली धरते. म्हणजे प्रतिद्रव्यांची फौज येण्यापूर्वीं, पहिल्या कांहीं मिनिटांत व तासांत, उंबरठ्यावरच कोणीतरी या जंतूंना अडवीत असला पाहिजे. त्या रखवालदारांपैकीं एका वर्गाची ओळख करून देण्याचा या लेखाचा हेतु आहे. ते रखवालदार म्हणजे प्रथिनांचे अगदीं लहान लहान तुकडे होत. शास्त्रज्ञ त्यांस जंतुनाशक पेप्टाइडें असें म्हणतात.

पेप्टाइड म्हणजे काय, हें प्रथम समजून घेऊं. प्रथिन हें मण्यांच्या माळेसारखें असतें. त्यांतील प्रत्येक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. आणि आपलें शरीर मुख्यत्वें वीस प्रकारच्या मण्यांपासून आपल्या सर्व माळा ओंवतें, जसें बाराखडीच्या अक्षरांतून सारें वाङ्मय निघावें तसें. मोठ्या प्रथिनांत हे मणी शेंकड्यांनीं असतात. रक्तास लाली देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूंत ते ५७४ आहेत. माळ जर अगदीं आंखूड असेल, तर तिला पेप्टाइड म्हणतात. आपले रखवालदार बहुधा बारा ते पन्नास मण्यांचे असतात. इतकी लहान वस्तु सबंध जंतूस ठार करते, यांतच मोठें नवल आहे.

या विषयाचा माग लागण्यास प्रारंभ झाला तो एका साध्या पडशापासून. लंडन येथील सेंट मेरीज इस्पितळांतील डॉ. अलेक्झांडर फ्लेमिंग यांस १९२१ सालीं पडसें झालें होतें. त्यांनीं आपल्या नाकांतील शेंबूड जंतु वाढविण्याच्या काचेच्या तबकडींत घातला. कांहीं दिवसांनीं त्यांस असें दिसलें कीं, तबकडींत इतरत्र पिवळ्या जंतूंच्या वसाहती वाढल्या आहेत, पण शेंबडाच्या आसपासचे जंतु मात्र विरघळून गेले आहेत. मग त्यांनीं लाळ, अश्रु, अंड्यांतील पांढरा बलक अशा अनेक पदार्थांची परीक्षा केली. अश्रूंचा पुरवठा व्हावा म्हणून प्रयोगशाळेंतील माणसांच्या डोळ्यांत लिंबाची साल पिळण्यांत येई! त्या अश्रूंचा एक थेंब जंतूंनीं दुधासारख्या झालेल्या पाण्यांत टाकला कीं पाहतां पाहतां तें पाणी निवळे. १९२२ सालीं त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. त्या द्रव्यास लायसोझाइम असें नांव मिळालें. तें जंतूच्या बाहेरच्या भिंतीचे दुवे तोडतें. पुढें १९२८ सालीं याच गृहस्थांनीं पेनिसिलिनचा शोध लाविला आणि त्या शोधाच्या तेजापुढें अश्रूंचा शोध झांकोळून गेला. शिवाय लायसोझाइमनें विरघळणारे जंतु बहुतेक निरुपद्रवी होते. प्राणघातक जंतु त्यास फारशी दाद देत नसत. तेव्हां शरीराजवळ याहून तिखट शस्त्र आहे कीं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें उत्तर मिळालें तें एका क्षुद्र मानलेल्या प्राण्यापासून. किडे कुजक्या पानांत, चिखलांत, शेणांत वावरतात. आपल्यासारखीं प्रतिद्रव्यें त्यांच्या शरीरांत मुळींच तयार होत नाहींत. तथापि मनुष्य जन्मास येण्यापूर्वीं कोट्यवधि वर्षें किडे या पृथ्वीवर नांदत आले आहेत. हें कसें? स्वीडन देशांतील हान्स बोमान या शास्त्रज्ञानें याचा छडा लावण्यासाठीं सिक्रोपिया नांवाचा एक मोठा पतंग निवडला. हा उत्तर अमेरिकेंतला. पण आपल्या विदर्भांतील झाडांवर टसर रेशमाचे कोश विणणारा जो पतंग आहे, त्याच्याच कुळांतला. हिवाळ्यांत सिक्रोपिया कोशांत महिनेच्या महिने निजून असतो. त्या निद्रिस्त किड्याच्या अंगांत जंतु टोंचले असतां, तो जागा न होतांही, त्याच्या शरीरांतील रसांत नवीं जंतुनाशक द्रव्यें उत्पन्न होतात, असें बोमान यांना आढळून आलें. १९८१ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या द्रव्यांतील मण्यांचा क्रम प्रसिद्ध केला, आणि पतंगाच्या नांवावरून त्यांस सिक्रोपिन असें नांव दिलें. त्यांतील एका द्रव्याची माळ अवघ्या ३७ मण्यांची आहे.

यानंतर सहा वर्षांनीं बेडकाची पाळी आली. अमेरिकेंतील डॉ. मायकेल झॅस्लॉफ हे आफ्रिकेंतील नखवाल्या बेडकांवर कांहीं संशोधन करीत होते. त्यांना बेडकांचीं अंडीं लागत. म्हणून ते बेडकाचें पोट चिरून अंडीं काढीत, जखम शिवीत, आणि बेडूक पुन्हां पाण्याच्या टांकींत सोडून देत. तें पाणी गढूळ व जंतूंनीं भरलेलें असे. मनुष्यावर अशी शस्त्रक्रिया करून त्यास डबक्यांत सोडलें तर काय होईल, याची कल्पना कोणासही करतां येईल. पण बेडकांच्या जखमा न चिघळतां बऱ्या होत. ही गोष्ट झॅस्लॉफ यांच्या मनांत घर करून राहिली. जी घटना रोज डोळ्यांसमोर घडते तिच्याविषयीं 'असें कां?' म्हणून विचारणें, हाच शास्त्रज्ञाचा खरा गुण होय. त्यांनीं बेडकाच्या कातडीचा अर्क काढून शोध केला, तेव्हां त्यांत २३ मण्यांचीं दोन पेप्टाइडें सांपडलीं. १९८७ सालीं हा शोध त्यांनीं प्रसिद्ध केला, आणि त्या द्रव्यांस मॅगेनिन असें नांव दिलें. जुना करार ज्या इब्री भाषेंत लिहिला गेला, तिच्यांत 'मागेन' या शब्दाचा अर्थ 'ढाल' असा आहे. नांव किती समर्पक आहे!

मग मनुष्याचें काय? मनुष्याच्या वांट्यासही ही ढाल आलेली आहे. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें रॉबर्ट लेहरर, टोमास गांझ व मायकेल सेल्स्टेड या शास्त्रज्ञांनीं १९८५ सालीं दाखवून दिलें कीं, रक्तांतील पांढऱ्या पेशींच्या पोटांत ज्या लहान लहान थैल्या असतात, त्यांत सुमारें तीस मण्यांचीं अशींच पेप्टाइडें सांठविलेलीं असतात. संरक्षण करणारीं म्हणून त्यांस डिफेन्सिन असें नांव मिळालें. पांढरी पेशी जंतूला गिळते, म्हणजे त्याला एका पिशवींत कोंडते, आणि त्या पिशवींत हीं पेप्टाइडें ओतते. नुसतें गिळून जंतु मरत नाहीं. त्याला मारावें लागतें, आणि त्या कामांतील एक हत्यार हें आहे.

यानंतर शोधांची रीघ लागली. ज्या ज्या ठिकाणीं शरीर बाहेरच्या जगास स्पर्श करतें, त्या त्या ठिकाणीं कोणता ना कोणता रखवालदार उभा आहे असें दिसून आलें. त्वचेच्या वरच्या थरांतील पेशी, त्यांस इजा होतांच, डिफेन्सिन तयार करूं लागतात. श्वासनलिकेच्या अस्तरांत तें आहे. लाळेंत हिस्टाटिन नांवाचें पेप्टाइड असतें व तें तोंडांतील बुरशीस आवरतें. आपल्या घामांतही एक जंतुनाशक पेप्टाइड आहे. जर्मनींतील शास्त्रज्ञांनीं तें २००१ सालीं ओळखलें व त्यास डर्मसिडिन असें नांव दिलें. लहान आंतड्याच्या अस्तरांत बारीक बारीक खळगे आहेत, आणि त्या खळग्यांच्या तळाशीं दाणेदार पेशींचे लहान झुबके असतात. योसेफ पानेथ या ऑस्ट्रियन वैद्याच्या नांवानें त्या ओळखल्या जातात. त्यानें १८८८ सालीं त्यांचें सविस्तर वर्णन केलें, पण त्या दाण्यांचें काम काय, हें कळावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. त्या दाण्यांत डिफेन्सिन व लायसोझाइम भरलेलें असतें. तेथील एक डिफेन्सिन तर जंतूंस मारीत नाहीं. तें कोळ्याप्रमाणें अतिसूक्ष्म जाळें विणून जंतूंना त्यांत गुंतवून टाकतें, असें २०१२ सालीं दिसून आलें.

नवजात बालकाच्या अंगावर जो पांढरट, लोण्यासारखा लेप असतो, तो घाण आहे असें समजून पूर्वीं ताबडतोब घांसून काढीत. त्या लेपांतही हीं जंतुनाशक पेप्टाइडें व लायसोझाइम असतें. बाळास पहिलें स्नान जन्मानंतर निदान चोवीस तासांनीं घालावें, असें जागतिक आरोग्य संघटना आज सांगते. त्यांत बाळाची ऊब टिकावी हा हेतु तर आहेच, पण हा लेपही त्यामुळें आपोआप राखला जातो.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हा रखवालदार चोर कोणता आणि घरधनी कोण, हें ओळखतो कसें? त्याला डोळे नाहींत, कीं बुद्धि नाहीं. तो केवळ रसायनाच्या नियमानें वागतो. आणि तो नियम समजण्यास कठीण नाहीं.

प्रत्येक जिवंत पेशीभोंवतीं, मग ती मनुष्याची असो कीं जंतूची, तेलकट द्रव्याचा एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो. पेशीचा सर्व संसार या पापुद्र्याच्या आंत असतो. तो फाटला कीं पेशी मेली. पण दोघांचे पापुद्रे सारखे नसतात. जंतूच्या पापुद्र्याच्या बाहेरच्या बाजूस ऋण विद्युद्भार असलेलीं द्रव्यें पुष्कळ असतात. आपल्या पेशींच्या बाहेरच्या बाजूस बहुतेक द्रव्यें अशीं असतात कीं त्यांचा एकंदर भार शून्य भरतो. शिवाय त्यांत कोलेस्टेरॉल मिसळलेलें असल्यानें तो पापुद्रा अधिक घट्ट असतो. आणि आपल्या पेप्टाइडांवर बहुधा धन भार असतो. धन व ऋण एकमेकांस ओढतात, हें पदार्थविज्ञानाच्या पहिल्याच धड्यांत आपण शिकतों. म्हणून पेप्टाइड जंतूकडे ओढलें जातें, व आपल्या पेशीजवळून फारसें न रेंगाळतां निघून जातें.

जंतूस चिकटल्यावर पुढचें काम सुरू होतें. साबणाच्या कणाचें एक टोंक पाण्याशीं व दुसरें तेलाशीं सलगी करतें, म्हणून तो तेलाचा डाग सोडवितो, हें आपणांस माहीत आहे. या पेप्टाइडांचीही घडण कांहींशी तशीच आहे. सिक्रोपिन किंवा मॅगेनिन जंतूच्या पापुद्र्यावर पोंचलें कीं मळसूत्रासारखा पीळ घेतें. त्या पिळाची एक बाजू पाण्याची आवड असलेली, तर दुसरी तेलाची आवड असलेली असते. तेलाची आवड असलेली बाजू पापुद्र्यांत शिरते. असे अनेक कण एकत्र जमले म्हणजे पापुद्र्यास भोंकें पडतात, किंवा तो चिंधीप्रमाणें विरतो. आंतील क्षार बाहेर झिरपतात, बाहेरचें पाणी आंत घुसतें, आणि कांहीं मिनिटांत जंतूचा कारभार आटोपतो. कांहीं पेप्टाइडें आंत शिरून जंतूचे इतर व्यवहारही बंद पाडतात. ही निवड किती महत्त्वाची आहे, हें मधमाशीच्या विषावरून कळेल. त्यांतील मेलिटिन हें २६ मण्यांचें पेप्टाइडही पापुद्रे फोडण्यांत पटाईत आहे. पण त्याला आपपरभाव नाहीं. तें जंतूप्रमाणें आपल्या रक्तांतील तांबड्या पेशीही फोडतें. शस्त्र दोघांचें एकाच जातीचें. परंतु एकास विवेक आहे, दुसऱ्यास नाहीं.

कोणी म्हणेल, 'काचेच्या तबकडींत जंतु मरतात, म्हणून शरीरांतही हीं पेप्टाइडें उपयोगी पडतात हें कशावरून?' ही शंका योग्य आहे. तिचें उत्तर, रखवालदार गैरहजर असला तर काय होतें, हें पाहून मिळतें. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें झूल ऑफमान, ब्रूनो लमेत्र व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं दाखविलें कीं, फळांवरील चिमुकल्या माशींत बुरशीनाशक पेप्टाइड तयार करण्याचा हुकूम देणारी यंत्रणा बिघडली, तर माशी बुरशीनें भरून मरते. ऑफमान यांस या कार्याबद्दल २०११ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. मनुष्यांतही अशीं उदाहरणें आहेत. कोस्टमान या स्वीडिश वैद्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका दुर्मिळ जन्मजात रोगांत मुख्य प्रकारच्या पांढऱ्या पेशीच फार थोड्या असतात. औषधानें त्या पेशींची संख्या वाढवितां येते. तरी या रोग्यांच्या हिरड्या सुजत व दांत हालूं लागत. पेशी तर आहेत, मग उणें कशाचें? २००२ सालीं असें दिसून आलें कीं, त्या पेशींत एल-एल-३७ नांवाचें पेप्टाइडच नव्हतें. शिपाई आले होते, पण त्यांच्या हातीं तरवार नव्हती.

तिसरें उदाहरण त्वचेचें. सोरायसिस नांवाच्या विकारांत कातडीवर खवले येतात. इसबाच्या एका प्रकारांत कातडी लाल होऊन खाजते. दोहोंतही त्वचेची तटबंदी बिघडलेली असते. पण सोरायसिसच्या चट्ट्यांत जंतूंचा उपद्रव क्वचित् होतो, आणि त्या इसबांत तो वारंवार होतो. या भेदाचें एक कारण असें कीं, सोरायसिसच्या त्वचेंत डिफेन्सिन विपुल असतें, आणि इसबाच्या त्वचेंत तें त्या मानानें कमी तयार होतें. मनुष्याच्या त्वचेंतील एक प्रमुख डिफेन्सिन १९९७ सालीं जर्मनींत सांपडलें, तें सोरायसिसच्या रोग्यांच्या खवल्यांतूनच.

येथें आणखी एक प्रश्न उभा राहतो. हीं शस्त्रें कोट्यवधि वर्षें वापरांत आहेत, तर जंतूंनीं अद्याप त्यांवर तोड कशी काढली नाहीं? तोड त्यांनीं कांहीं अंशीं काढली आहे. गळवें उत्पन्न करणारा जंतु आपल्या पृष्ठभागावर धन भाराचीं द्रव्यें जोडून आपला ऋण भार कमी करतो. कित्येक जंतु पेप्टाइडें तोडणारीं विकरें सोडतात. परंतु पापुद्र्याची सारी घडण बदलणें म्हणजे राहत्या घराचा पायाच बदलणें होय. तें महाग पडतें. शिवाय शरीर एकाच रखवालदारावर विसंबून राहत नाहीं. एकाच ठिकाणीं लायसोझाइम, डिफेन्सिन व इतर द्रव्यें एकत्र काम करतात, आणि जरूर तेवढींच, जरूर तेथेंच सोडलीं जातात. एकाची तोड काढली तरी दुसरा उभाच असतो. म्हणून ही जुनी ढाल अजून बोथट झालेली नाहीं.

आपण मात्र आपलीं औषधें याच्या उलट रीतीनें वापरलीं. पेनिसिलिनसारखीं प्रतिजैविकें हीं विसाव्या शतकाची मोठी देणगी. त्यांनीं किती माता व मुलें वांचविलीं याची गणती नाहीं. पण फ्लेमिंग यांनींच १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगीं केलेल्या भाषणांत इशारा देऊन ठेवला होता कीं, अपुऱ्या मात्रेंत औषध घेतल्यास जंतु मरणार नाहींत, उलट त्यास तोंड देण्यास शिकतील. तसेंच घडलें. पडशासारख्या विषाणूंच्या आजारांत, जेथें तीं औषधें मुळींच लागू पडत नाहींत तेथेंही, तीं घेतलीं गेलीं. कोंबड्यांना व गुरांना लवकर वाढावीं म्हणून चारलीं गेलीं. प्रतिजैविकांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळें २०१९ या एका वर्षांत जगांत सुमारें १२ लक्ष ७० हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्या प्रत्येकाच्या मागें एक घर आहे, हें विसरतां कामा नये.

म्हणूनच आतां शास्त्रज्ञ पुन्हां बेडकाकडे व पतंगाकडे आशेनें पाहत आहेत. वनस्पति, प्राणी व जंतु यांच्यापासून मिळालेल्या अशा तीन हजारांहून अधिक पेप्टाइडांची नोंद झालेली आहे. आपल्या सह्याद्रीच्या रांगांत राहणाऱ्या एका बेडकाच्या कातडींतील पेप्टाइड कांहीं जातींच्या इन्फ्लुएंझाच्या विषाणूंचा नाश करतें, असें केरळांतील व अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखविलें. केरळांत उरुमी नांवाची एक लवचिक तरवार असते, तिच्यावरून त्यास उरुमिन हें नांव मिळालें. हे शोध आशादायक आहेत. परंतु शोध आणि औषध यांत फार मोठें अंतर असतें. मॅगेनिनच्या धर्तीवर बनविलेलें एक औषध मधुमेही रोग्यांच्या पायांच्या जखमांसाठीं सिद्ध झालें होतें. पण अमेरिकन सरकारच्या औषधखात्यानें १९९९ सालीं त्यास परवानगी नाकारली, कारण चालू औषधांहून त्याचा अधिक गुण सिद्ध झाला नाहीं. पेप्टाइड गिळलें तर इतर प्रथिनांप्रमाणें पोटांत पचून जातें. रक्तांत टोंचलें तर लवकर तुटतें, व मात्रा वाढविली तर आपल्या पेशींनाही अपाय होण्याची भीति असते. कोलिस्टिन हें औषध याच घराण्यांतलें, जंतूंपासूनच मिळणारें. तें मूत्रपिंडांस जाचक असल्यानें शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात. त्यासही दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतो, असें २०१५ सालीं चीनमध्यें आढळलें. आणि २०१९ सालीं भारत सरकारनें खाद्यासाठीं पाळलेल्या जनावरांस तें देण्यावर बंदी घातली.

पालकांसाठीं एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. २००६ सालीं असें दिसून आलें कीं, क्षयाच्या जंतूशीं झगडतांना आपल्या पेशींस एल-एल-३७ तयार करण्याकरितां ड जीवनसत्त्व लागतें. हें जीवनसत्त्व आपल्या त्वचेंत सूर्यप्रकाशानें तयार होतें. तेव्हां ड जीवनसत्त्व दिलें कीं क्षयास आळा बसेल, अशी पुष्कळांस आशा वाटली. मंगोलिया देशांत आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर याची तीन वर्षें परीक्षा करण्यांत आली. २०२० सालीं तिचा निकाल प्रसिद्ध झाला; ज्यांना तें जीवनसत्त्व दिलें त्यांच्यांत क्षयाच्या जंतूचा शिरकाव कमी झाला नाहीं. यावरून मूळ शोध खोटा ठरत नाहीं. पण एक दुवा सांपडला म्हणजे सारी सांखळी हातीं आली असें होत नाहीं, हें मात्र सिद्ध होतें. 'प्रतिकारशक्ति वाढविणारें' म्हणून जी बाटली बाजारांत मोठ्या किंमतीस मिळते, ती विकत घेण्यापूर्वीं, 'याची परीक्षा किती माणसांवर झाली आणि तिचा निकाल काय?' एवढें विचारण्याची संवय आपण लावून घ्यावी.

मग या रखवालदारांस आपण कोणतें साहाय्य करूं शकतों? फार मोठें कांहीं नाहीं. पण जें आहे तें रोजचें आहे. खरचटलें तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानें व साबणानें धुवावी. तिच्यांतील माती निघून गेली म्हणजे रखवालदारांस लाखोंऐवजीं थोड्यांशीं झुंजावें लागतें. जखमेवर शेण, राख, तंबाखू किंवा चुलींतली माती कधींही लावूं नये. तें म्हणजे फितूर होऊन शत्रूस दार उघडून देणेंच होय. खिळा किंवा कांटा खोल रुतला असेल, तर धनुर्वाताची लस टोंचून घेण्यासाठीं त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. कारण धनुर्वाताचा जंतु हवा न पोंचणाऱ्या खोल जागीं वाढतो, आणि तेथें आपल्या रखवालदारांवर विसंबून चालत नाहीं. मुलांस पाळीच्या लसी वेळेवर द्याव्या, कारण लस ही प्रतिद्रव्यांच्या फौजेस आधींच सज्ज करून ठेवते. पडसें झालें म्हणून शेजाऱ्याकडे उरलेल्या गोळ्या मागून घेऊं नयेत. डॉक्टरांनीं प्रतिजैविक दिलेंच, तर त्यांनीं सांगितलें तितकें व तितके दिवस घ्यावें. बरें वाटलें म्हणून आपल्या मनानें सोडूं नये, आणि उरलें तर पुढच्या आजारासाठीं राखून ठेवूं नये.

विद्यार्थीमित्रहो, तुम्हीं हा लेख वाचीत असतांना तुमच्या डोळ्याची पापणी शेंकडों वेळां मिटली असेल. प्रत्येक वेळीं अश्रूंचा एक पातळ थर डोळ्यावरून फिरला, आणि त्यांतील रखवालदारांनीं आपलें काम केलें. त्यांस वेतन नाहीं, विश्रांति नाहीं, आणि बहुतेकांस त्यांचें नांवही ठाऊक नाहीं. फ्लेमिंगांना पडशांत, बोमानांना निजलेल्या किड्यांत व झॅस्लॉफांना गढूळ टांकींतल्या बेडकांत जें दिसलें, तें पूर्वींही सर्वांच्या डोळ्यांसमोर होतें. पाहणारा मात्र त्यांच्याआधीं कोणी नव्हता. अशा पाहावयाच्या गोष्टी आजही पुष्कळ शिल्लक आहेत, आणि त्यांतील कांहीं आपल्याच अंगणांत, विहिरीच्या कांठीं व सह्याद्रीच्या ओढ्यांत तुमची वाट पाहत आहेत.